रोजच्या जेवणासाठी साधी, सुटी भांडी बरी की महागडा डिनर सेट?

ओसरी

भाचीचे नुकतेच लग्न झाले असून पुण्यातील नव्या घरासाठी जेवणाची भांडी निवडण्याचे काम तिने माझ्याकडे सोपवले आहे. दोघेही नोकरी करतात, भांडी घासायला मावशी येतात, सणावाराला दहा-बारा पाने होतात आणि एरवी जेवायला दोघेच असतात. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या घरी असते तशीच ही परिस्थिती आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की एकदाच काय तो पैसा खर्च करावा आणि सोनेरी काठाचा, बोन चायनाचा चांगला सेट घ्यावा, म्हणजे पुन्हा बघायला नको. मला हे पटत नाही. का पटत नाही ते मांडून आपली मते विचारावीत, यासाठी हा धागा काढत आहे.

माझा पहिला आक्षेप किमतीपेक्षा सेट या कल्पनेलाच आहे. सहा ताटल्यांपैकी दोन फुटल्या की उरलेल्या चार जेवायला पूर्वीइतक्याच चांगल्या असतात, परंतु त्याच नक्षीची सुटी ताटली दुकानात मिळत नाही आणि काही वर्षांत ती नक्षीच बंद झालेली असते, त्यामुळे सहा माणसांसाठी घेतलेला सेट चौघांचा होऊन माळ्यावर जातो. भांड्यांच्या दुकानातून वजनावर घेतलेल्या स्टीलच्या ताटाला मात्र जोडीदार केव्हाही मिळतो. रोजच्या वापरातील वस्तूला पोचा येणार, तिचा टवका उडणार, ती शेजाऱ्यांकडे खिरीबरोबर जाऊन तिथेच राहणार, हे धरूनच तिची खरेदी व्हायला हवी, असे मला वाटते.

दुसरा आक्षेप आकाराचा आहे. आपल्या पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी आणि आमटी उजवीकडे, मध्ये भात आणि पोळी असे सगळे एकाच वेळी वाढलेले असते. पाश्चात्त्य पद्धतीच्या सेटमधील ताटली एका वेळी एकच पदार्थ वाढण्याच्या हिशेबाने घडवलेली असते, म्हणून तिचा कड रुंद आणि तिरका असतो आणि मधला सपाट भाग लहान राहतो. साडेदहा-अकरा इंची ताटलीत तो भाग जेमतेम सात इंचांचा भरतो. त्यात दोन वाट्या ठेवल्या की पोळी कडेवर लोंबते आणि ताकभात कालवताना तो टेबलावर उतरतो.

ज्यांनी स्टील, ओपल काच (दुधी पांढरी काच), चिनी माती, काशे यांपैकी काहीही रोज वापरले आहे, त्यांनी कृपया अनुभव लिहावेत.

खडीसाखर

आपल्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्याकडे रुखवतात आलेला सेट काचेच्या कपाटात आहे, तो पाहुण्यांसाठी काढायचा असे ठरलेले आहे, आणि पाहुणे आले की मात्र कोणाच्या तरी हातून फुटेल या भीतीने पुन्हा स्टीलचीच ताटे मांडली जातात. वर्षातून एकदा दिवाळीच्या आधी तो धुऊन पुसून परत जागच्या जागी ठेवला जातो. अशा वस्तूला भांडे म्हणावे की शोभेची वस्तू, हे आपणच ठरवावे.

स्टीलच्या वाट्या विकत घ्यायची मात्र गरज पडेल असे वाटत नाही. दोन-तीन संक्रांतींची हळदीकुंकवे झाली की वाणातूनच त्या जमतील, फक्त एकीसारखी दुसरी नसेल.

पितळी डबा

आमच्या घरात दोन पिढ्या भांड्यांचा व्यापार झाला, त्यामुळे स्टीलविषयी थोडे विस्ताराने लिहितो. स्वस्त घ्यावे हे खरे असले तरी स्वस्त स्टील आणि हलके स्टील यांत फरक आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

जेवणाच्या भांड्यांसाठी चांगले मानले जाते ते ३०४ दर्जाचे स्टील. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, म्हणून त्याला १८/८ असेही म्हणतात. निकेल महाग असल्यामुळे २०० मालिकेतील स्टीलमध्ये ते कमी करून त्याच्या जागी मँगनीज घातलेले असते. नवे असताना दोन्हींची चकाकी सारखीच दिसते, परंतु मीठ, कोकम, चिंच आणि ओल यांचा मारा सुरू झाला की दुसऱ्या प्रकारावर बारीक तांबूस ठिपके लवकर येतात. लोहचुंबक लावून पाहावे असा सल्ला सर्रास दिला जातो, पण ३०४ आणि २०० मालिकेतील २०२ या दोन्हींना चुंबक फारसे चिकटत नाही, त्यामुळे या परीक्षेतून त्यांच्यातील फरक कळत नाही. उलट, चांगल्या ३०४ च्या पत्र्याला साच्यात दाबून खोलगट आकार दिला की कडेला किंचित चुंबकत्व येऊ शकते आणि ग्राहक उगाच दुकानदाराशी वाद घालतो. धातूच्या व्यापारात रसायनाचा थेंब टाकून मँगनीज ओळखण्याची पद्धत आहे. ओळखीचा दुकानदार असेल तर तो ते करून दाखवतो.

दुसरी गोष्ट पत्र्याच्या जाडीची. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, हे उलटे गणित अनेकांना ठाऊक नसते. पातळ पत्र्याचे ताट किलोच्या भावात स्वस्त पडते, पण हातातून पडले की त्याचा तळ फुगतो आणि मग ते टेबलावर गरगर फिरते. ताट दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी मध्यभागी दाबून पाहावे. टक् असा आवाज करून ते आत जात असेल तर घेऊ नये.

केंद्र सरकारने २०२४ साली स्टेनलेस स्टीलच्या आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणन सक्तीचे करणारा आदेश काढला. स्टीलच्या भांड्यांचे मानक आयएस १४७५६ हे आहे. भांड्यावर किंवा वेष्टनावर आयएसआयचे चिन्ह आणि हा क्रमांक आहे का, ते पाहून घ्यावे.

शेवटचा मुद्दा असा की स्टीलला मोड आहे. पंधरा वर्षे वापरलेले ताटसुद्धा वजनावर परत घेतले जाते, किंवा दारावर येणारी बोहारीण ज्या व्यवहारात जुन्या कपड्यांवर नवे पातेले देते, त्या व्यवहारात ते कुठेतरी पुन्हा शिरते. फुटलेल्या बोन चायनाला कोणी काहीही देत नाही.

मुचकुंद

मूळ धाग्यातील दोन्ही आक्षेपांत तथ्य असले तरी त्यांवरून निघालेला निष्कर्ष मला मान्य नाही. महाग म्हणजे नाजूक आणि स्वस्त म्हणजे टिकाऊ, असे समीकरण येथे न बोलता धरले गेले आहे. चिनी मातीच्या बाबतीत वस्तुस्थिती बहुधा याच्या उलट असते.

ज्याला आपण सरसकट चिनी माती म्हणतो, त्यात किमान चार प्रकार येतात. सर्वांत स्वस्त मातीकाम, म्हणजे अर्दनवेअर, सुमारे हजार ते साडेअकराशे अंश सेल्सियसला भाजले जाते आणि आतून सच्छिद्र राहते, म्हणून त्याचा टवका लवकर उडतो, आणि टवका उडालेल्या जागेतून पाणी आत मुरते. स्टोनवेअर बाराशे अंशांच्या पुढे भाजले जाते. पोर्सेलीनची भट्टी तेराशे-चौदाशे अंशांपर्यंत जाते आणि त्यातील केओलिन ही पांढरी माती, फेल्डस्पार हे खनिज आणि गारगोटी वितळून जवळजवळ काचेसारखी एकजीव होतात. बोन चायना हा प्रकार अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथे जोसाया स्पोड यांच्या कारखान्यात पक्का झाला. त्यात सुमारे निम्मी हाडांची राख असते. तो पातळ आणि प्रकाश आरपार जाणारा असल्यामुळे नाजूक वाटतो, परंतु या सर्वांमध्ये त्याची ताकद अधिक असते. बाजारातील ठोकळेबाज, जाड, रंगीत मग जितक्या वेळा फुटतात तितक्या वेळा बोन चायनाचा कप फुटत नाही, हा माझा अनुभव आहे.

खडीसाखर यांनी वर्णन केलेले कपाट हा सेटचा दोष नाही. वीस हजारांचा सेट वीस वर्षे रोज वापरला तर दिवसाला तीन रुपयांहूनही कमी खर्च येतो. तोच वर्षातून एकदा पुसून ठेवला तर कोणत्याही किमतीला महागच आहे. चांगले ते पाहुण्यांना आणि घरच्यांना काहीही चालेल, ही जी आपली सवय आहे तिच्याविषयी माझी तक्रार आहे. महाग घ्यावे, पण मग ते मंगळवारच्या मुगाच्या खिचडीलाही काढावे.

साळुंकी

हाडांची राख म्हणजे नेमकी कशाची? आमच्याकडे सासूबाईंचा देव्हारा स्वयंपाकघरातच आहे.

मुचकुंद

मुख्यतः गुरांच्या हाडांची. ती हजार अंशांच्या आसपास जाळून त्यांची राख केलेली असते आणि तिच्यात केवळ खनिज भाग उरतो, परंतु प्रश्न रसायनशास्त्राचा नसून श्रद्धेचा असेल तर या स्पष्टीकरणाने समाधान होणार नाही, हे मी जाणतो. अशा घरांनी पोर्सेलीन घ्यावे, त्यात हाडे नसतात. विक्रेते दोन्हींना 'क्रोकरी' म्हणत असल्यामुळे खोक्यावरील मजकूर वाचूनच घ्यावे.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत राहते. येथील मराठी घरांत या वादाचा निकाल बराच आधी लागलेला आहे. जवळजवळ प्रत्येकाकडे कोरेलच्या ताटल्या असतात. काचेचे तीन थर एकत्र दाबून बनवलेली ही भांडी कॉर्निंग कंपनीने १९७० साली बाजारात आणली. ती वजनाला हलकी असतात, एकावर एक रचली तर फार जागा घेत नाहीत, मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर दोन्हींत चालतात. ओसरी यांच्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे त्यांतील साधी पांढरी, नक्षी नसलेली ताटली दशकानुदशके तशीच मिळत आली आहे आणि एकेक सुटी विकत घेता येते. म्हणून भाचीला काचेचे काही घ्यायचेच असेल तर ते पांढरे आणि नक्षी नसलेले घ्यावे. फुलाफुलांच्या नक्षीचे आयुष्य बाजारात फार थोडे असते.

सेटमधील हरवलेल्या नगाचे दुःख किती सार्वत्रिक आहे याचे येथील एक उदाहरण देते. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो येथे १९८१ साली सुरू झालेली 'रिप्लेसमेंट्स लिमिटेड' नावाची कंपनी बंद पडलेल्या नक्षींच्या ताटल्या, कपबशा आणि काटेचमचे सुटे विकते. तिच्या गोदामात असे लाखो नग आहेत. म्हणजे अपुऱ्या सेटवर एक अख्खा व्यवसाय उभा आहे. आणि मोठे नाव घेतले म्हणून नक्षी टिकते असेही नाही. स्पोड २००८ साली आणि वॉटरफर्ड वेजवुड ही तशीच नामांकित कंपनी जानेवारी २००९ मध्ये आर्थिक अडचणींमुळे प्रशासकांच्या ताब्यात गेली. ही नावे पुढे नव्या मालकांकडे चालू राहिली, परंतु तुमच्या आजीच्या सेटची वाटी त्यांनी पुढे चालू ठेवलीच असेल, याची खात्री कोणी देत नाही.

मुचकुंद यांचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात डिशवॉशर धरलेला नाही. सोनेरी काठ डिशवॉशरमध्ये हळूहळू निघून जातो आणि मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या टाकतो. म्हणजे ज्या कामासाठी वरचे पैसे मोजले, तेच रोजच्या वापरात आधी जाते.

ओसरी

दूरदेशी यांनी सांगितलेली पांढऱ्या सुट्या ताटल्यांची गोष्ट मला फार पटली.

आपल्याकडे ओपल काचेची भांडी आता देशातच बनतात. ला ओपाला कंपनीचा झारखंडमधील मधुपूर येथील कारखाना १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला, आणि बोरोसिलने २०१६ मध्ये जयपूरचा कारखाना घेऊन 'लारा' या नावाने हीच भांडी आणली. दुकानात सत्तावीस नगांचा सेट उघडून पाहिला तेव्हा त्यात सहा मोठ्या ताटल्या, सहा लहान ताटल्या, बारा वाट्या, वाढण्याचे दोन वाडगे आणि भाताची एक लंबगोल ताटली निघाली. प्रत्येक पानाला दोन वाट्या, हा हिशेब करणाऱ्याने आपले जेवण पाहिलेले आहे, हे मान्य करायलाच हवे. ताटलीचा कडही त्यामानाने अरुंद होता. सूपचे वाडगे नव्हते. किंमत दोन ते चार हजारांच्या दरम्यान, नक्षीप्रमाणे. म्हणजे मुचकुंद यांच्या वीस हजारांत असे पाच ते दहा सेट येतील.

तरी तेथेही सुटी मोठी ताटली मागितल्यावर 'सेटच घ्यावा लागेल' हेच उत्तर मिळाले. बाजारात सुटे नग मिळतात, पण ते बहुधा साध्या पांढऱ्यातच.

रानजाई

स्वस्ताईची बाजू घेताना मेलामाइनचा उल्लेख अजून कोणी केला नाही, याचे आश्चर्य वाटले. लग्नाच्या आहेरात आणि ऑनलाइन सवलतीत सर्वांत जास्त दिसणारा स्वस्त सेट तोच आहे, आणि माझ्या मते रोजच्या गरम जेवणासाठी तो घेऊच नये.

मेलामाइन ही मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड यांपासून बनलेली राळ आहे. थंड किंवा कोमट पदार्थांना ती त्रास देत नाही. पदार्थ सत्तर अंशांहून अधिक गरम असेल, आणि त्यातही आंबट असेल, तर ही दोन्ही रसायने अन्नात उतरण्याचे प्रमाण वाढते. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आणि जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने अशी भांडी मायक्रोवेव्हमध्ये न वापरण्याचा सल्ला दिलेला आहे. आता आपले जेवण आठवून पाहावे. चुलीवरून उतरलेली चिंच-गुळाची आमटी, टोमॅटोचे सार, कढत कट, हे सगळे गरमही असते आणि आंबटही. याशिवाय चमच्यांनी पृष्ठभागावर ओरखडे उठतात आणि त्यांत हळद कायमची बसते.

याच प्रकारातील महाग वस्तूही आहे. बांबूपासून बनवलेली, पर्यावरणपूरक, असे सांगून विकल्या जाणाऱ्या ताटल्यांपैकी अनेकींत बांबूची पूड मेलामाइनच्याच राळेत बांधलेली असते. जर्मन संस्थेने २०२० साली दाखवून दिले की अशा भांड्यांतून गरम पदार्थांत फॉर्मल्डिहाइड साध्या मेलामाइनपेक्षाही जास्त उतरू शकते. किंमत पाहून सुरक्षिततेचा अंदाज बांधता येत नाही, तो वर चढतानाही चुकतो आणि खाली उतरतानाही.

स्वस्त रंगीत मातीकामाबाबतही सावध राहावे. कमी तापमानाला वितळणाऱ्या झिलईत, म्हणजे भांड्यावरील काचेसारख्या चकचकीत थरात, शिसे वापरण्याची जुनी पद्धत आहे, आणि भडक लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम असू शकते. रंगकाम झिलईच्या वर केलेले असेल, म्हणजे बोटाला नक्षीचा उंचवटा लागत असेल, तर ती ताटली भिंतीवर टांगावी, तिच्यात लोणचे वाढू नये.

काजूबाग

गोव्यातून लिहितो आहे. येथील जुन्या वाड्यांत, विशेषतः चांदोरच्या ब्रागांझा घराण्याच्या वाड्यात, समुद्रमार्गे आलेली चिनी पोर्सेलीनची भांडी अजूनही मांडून ठेवलेली पाहायला मिळतात, आणि ती पाहून प्रत्येक पर्यटकाला घरी एक तरी सेट असावा असे वाटते. मात्र आमचे रोजचे जेवण म्हणजे कोकम घातलेले माशांचे हुमण, सोलकढी आणि उकड्या तांदळाचा भात. या आंबटाला पितळ चालत नाही, सोलकढी कळकते. ॲल्युमिनियमवर काळे डाग पडतात. झिलईला केसासारख्या बारीक चिरा गेलेल्या ताटलीत माशाचा वास मुरून राहतो. स्टील आणि काच या दोनच गोष्टी यातून सहीसलामत सुटतात, असा आमच्या स्वयंपाकघराचा अनुभव आहे.

साळुंकी

सध्या काशाच्या ताटांची बरीच चर्चा ऐकू येते. ती महाग आहेत, पण आरोग्याला चांगली म्हणून सासूबाईंना घ्यायची आहेत. त्यांना कल्हई लागते का?

पितळी डबा

काशाला कल्हई लागत नाही, पितळेला लागते. काशे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू असून चांगल्या काशात ७८ टक्के तांबे आणि २२ टक्के कथील असते. ते पितळेसारखे वाकत नाही, पण दगडी फरशीवर आपटले तर तडकते, हे विकताना कोणी सांगत नाही. रोज चिंचेने किंवा लिंबाने घासले नाही तर ते काळवंडते, आणि आंबट पदार्थ त्यात फार वेळ ठेवू नयेत. आरोग्यविषयक दाव्यांबद्दल मी काही बोलत नाही, तो माझा विषय नाही. व्यापारी म्हणून इतकेच सांगतो की काशाच्या नावाखाली कथील कमी घातलेला माल पुष्कळ विकला जातो. ताट बोटांच्या टोकांवर तोलून चमच्याने हलकेच वाजवून पाहावे. अस्सल काशाचा नाद घंटेसारखा लांबत जातो.

रोज पूर्ण ताट वापरण्यापेक्षा सणाला एक-दोन पाने आणि तळपाय घासायला एक वाटी, एवढे काशे घरात पुरेसे आहे.

उंबरा

या चर्चेत एक गोष्ट सुटते आहे असे वाटते. अनेक घरांत भांडी घासायला किंवा स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंसाठी एक वेगळा कप आणि एक वेगळी ताटली ओट्याखाली ठेवलेली असते. विचारले तर खरे कारण सांगितले जात नाही, चांगल्या सेटमधले फुटेल असे सांगितले जाते. गंमत अशी की तोच सेट रोज घासून ठेवणारे हात त्यांचेच असतात. महाग भांड्यांमुळे हा भेद निर्माण होतो असे मी म्हणत नाही, तो त्यांच्याही आधीपासून आहे. पण महाग भांडे त्याला सभ्य सबब पुरवते. घरात सगळी ताटे एकसारखी स्टीलची असतील तर निदान ही सबब उरत नाही.

मुचकुंद

उंबरा यांच्या या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. मात्र काचेच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांविषयी एक व्यावहारिक सूचना करतो. ताटलीवर दिसणाऱ्या करड्या रेघांना ओरखडे समजून लोक भांडी टाकून देतात. झिलई स्टीलच्या चमच्यापेक्षा कठीण असते, त्यामुळे अनेकदा चमच्याचाच धातू तिच्यावर घासून लागलेला असतो. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून मऊ फडक्याने चोळला तर त्यांतील पुष्कळ रेघा निघतात. तारेच्या घासणीने मात्र सोनेरी काठ आणि वरून केलेली नक्षी खरोखरच जाते, म्हणून घासणी बदलून द्यावी, मावशींना दोष देऊ नये.

खडीसाखर

दहा-बारा पानांचे काय, हा प्रश्न राहिला. आमच्या सोसायटीत मंडळाची पन्नास स्टीलची ताटे आहेत, ती नाममात्र भाड्याने मिळतात. नाहीतर पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण आणावेत. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्यांवर बंदी आल्यापासून त्या पुन्हा सहज मिळू लागल्या आहेत. वर्षातून चार दिवसांसाठी बारा माणसांचा सेट घेऊन पुण्याच्या फ्लॅटमध्ये तो ठेवायचा कुठे?

दूरदेशी

पत्रावळ घेताना तिच्या आतून चकचकीत प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेला नाही ना, एवढे पाहून घ्यावे. मागच्या वेळी भारतात आले होते तेव्हा पानाची म्हणून आणलेली पत्रावळ वरून पान आणि आतून प्लास्टिक अशी निघाली होती.

ओसरी

सर्वांचे वाचून भाचीशी बोलले. आठ स्टीलची बारा इंची ताटे, सोळा वाट्या, आठ फुलपात्री आणि दूरदेशी यांनी सुचवल्याप्रमाणे ओपल काचेच्या सहा साध्या पांढऱ्या ताटल्या, असे तूर्त ठरले आहे. पांढऱ्या ताटल्या पोहे, उपमा आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम करायच्या जेवणासाठी, स्टील दोन्ही वेळच्या जेवणासाठी. वडीलधाऱ्यांच्या समाधानासाठी बोन चायनाच्या सहा कपबशा घेऊ, आणि त्या मुचकुंद म्हणतात त्याप्रमाणे रोजच्या चहालाच काढू. साळुंकी यांच्या घरासारखी अडचण तेथे नाही, हे विचारून घेतले आहे.

पितळी डबा यांना एकच विचारायचे आहे. ताटाचा काठ उभा घ्यावा की बाहेर वळलेला?

पितळी डबा

उभा, साधारण एक इंच उंचीचा, आणि वरची कड आत किंवा बाहेर गोल वळवून बंद केलेली. उभ्या काठामुळे तळाचा जवळजवळ सगळा भाग सपाट राहतो, म्हणून तीन वाट्या ठेवूनही पोळीला जागा उरते आणि आमटी बाहेर जात नाही. कड वळवलेली नसेल तर पत्र्याची धार उघडी राहते आणि घासताना हात कापतो. घेताना प्रत्येक ताटाच्या काठावरून फडके फिरवून पाहावे, कुठे अडकले तर तो नग बाजूला काढावा. आणि वाट्या घेताना ताट बरोबर न्यावे, तळ सपाट असलेल्याच घ्याव्यात. गोल बुडाची वाटी ताट उचलताना कलंडते. नाव घालायचे असेल तर ते ताटाच्या काठावर बाहेरून घालून घ्यावे, तळाला आतून घालू नये, कारण त्या खाचांत खरकटे अडकते.